पकाकडे नको बघूस, मामा

जानेवारी २०२५ मधला शुक्रवार. दुपारी तीनला मिसिसॉगाहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. वुडस्टॉक यायच्या आत ४०१ हायवेवर बर्फाने अशी झोड उठवली की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. शेजारी माझा चौदा वर्षांचा भाचा, मांडीवर वही, हातात मेथीच्या पराठ्याची सुरळी. आम्ही निघालो होतो लंडनला. हे ओंटारियोतलं लंडन. इथल्या नदीचं नावही थेम्सच.

निमित्त होतं ईस्टन कावन हा तरुण आइस हॉकीपटू. टोरॉन्टो मेपल लीफ्स या व्यावसायिक संघाने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला पहिल्या फेरीत, २८ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा बऱ्याच जाणकारांच्या भुवया उंचावल्या होत्या. लंडनजवळच्या माउंट ब्रिजेस या छोट्या गावचा हा पोरगा. ड्राफ्टच्या मोसमात ६८ सामन्यांत गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत) धरून ५३ गुण, म्हणजे काही डोळे दिपवणारे आकडे नव्हेत. पुढच्याच मोसमात ५४ सामन्यांत ९६ गुण आणि ओंटारियो हॉकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू! त्या ५३ गुणांच्या पोरात कुणाला तरी आधीच काहीतरी दिसलं होतं. ते काय असतं, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

लीफ्सनी निवडलेला मुलगा अजून लंडन नाइट्स या ज्युनियर संघाकडून का खेळतो, हा प्रश्न मला तेव्हा भारतातून नेहमी यायचा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॅनडातल्या ज्युनियर लीगमधून निवडलेला खेळाडू वीस वर्षांचा होईपर्यंत एक तर थेट मोठ्या संघात खेळायचा, नाहीतर ज्युनियरला परत जायचा. मधल्या पायरीवर, म्हणजे टोरॉन्टो मार्लीज या लीफ्सच्या दुय्यम संघात, त्याला ठेवता येत नव्हतं. म्हणून क्लबची माणसं हिवाळाभर गावोगाव फिरून आपल्या पोरांवर लक्ष ठेवतात.

कॅनडा लाइफ प्लेस नावाचं हे स्टेडियम परवापरवापर्यंत बडवायझर गार्डन्स होतं, आणि पार्किंगवाला अजून तेच नाव घेत होता. आत नऊ हजार माणसांची सोय, आणि सोळा ते वीस वर्षांच्या पोरांचा खेळ बघायला ती जवळजवळ भरलेली! संघाचे मालक मार्क आणि डेल हंटर हे भाऊ. यातल्या मार्क हंटरने काही वर्षं लीफ्ससाठी खेळाडू हेरण्याचं काम केलं होतं. २०१५ साली लीफ्सनी चौथ्या क्रमांकावर मिच मार्नरला घेतलं, तोही याच नाइट्सचा.

आम्ही मुद्दाम वरची, कोपऱ्यातली तिकिटं काढली होती. तिथून सगळं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, एका नजरेत येतं. दोन रांगा पुढे एक गृहस्थ हातात खेळाडूंची यादी घेऊन बसले होते. गोल झाला, अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं, आणि हे खाली मान घालून काहीतरी टिपत होते.

"मामा, तू पकाकडे नको बघूस," भाचा म्हणाला. "एकच प्लेयर पकड आणि तो बेंचवर जाईपर्यंत त्यालाच बघ."

कठीण काम आहे हो. पक म्हणजे बर्फावर घसरणारी ती काळी रबरी चकती. नजर तिच्यामागे धावतेच. पण खेळाडूची बर्फावरची एक पाळी साधारण पाऊण मिनिटाची. पाच-सहा पाळ्यांनंतर जमायला लागलं. कावनमध्ये आधी दिसली ती जिद्द. पक हातून गेला की तो हात धुऊन त्याच्या मागे लागतो. पण माझी नजर खिळली ती पाहुण्या संघाच्या एका बचावपटूवर. हेल्मेटमध्ये चेहरा हरवून जाईल इतका कोवळा पोरगा. पक घ्यायला आपल्याच गोलमागे जाताना तो दर वेळी मान वळवून मागे बघायचा. कोण अंगावर येतंय, आपला कोण मोकळा आहे, हे पक मिळायच्या आधीच ठरलेलं असायचं. दुसऱ्या सत्रात त्याच्या चुकीमुळे गोल झाला. बेंचवर बसून तो टॉवेलने हेल्मेटची काचपट्टी पुसत राहिला, पुसत राहिला. पुढचे गृहस्थ तेव्हा खेळाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या बेंचवर होती. पुढच्या पाळीला पोरगा उतरला, तसाच गोलमागे गेला, तशीच मान वळवली. गृहस्थांनी एक ओळ लिहिली.

मला सोलापूरचं पार्क मैदान आठवलं. आमच्या निवड चाचणीत प्रत्येकाला नेटमध्ये दोन षटकं मिळायची, आणि त्यावर वर्षाचा निकाल. इथे एकाच पोराला दहा-दहा वेळा बघतात: घरच्या रिंकवर, परक्या गावात, हरताना, थकलेला असताना. सोळाव्या वर्षी घर सोडून कुणा अनोळखी कुटुंबात राहणाऱ्या, सकाळी शाळा आणि रात्री बसचा प्रवास करणाऱ्या मुलाला एवढं निरखून बघणं मला न्यायाचं वाटतं.

रात्री साडेदहाला परत ४०१ वर लागलो. बर्फ थांबला होता. भाचा मोबाइलच्या उजेडात वही वाचत होता. त्या बचावपटूसमोर त्याने लिहिलं होतं: 'डाव्या खांद्यावरून दर वेळी बघतो. उजव्यावरून एकदाही नाही.' हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

किचनर मागे पडलं तेव्हा त्याने वही मिटली.

"मामा, माझी रविवारी मॅच आहे ना. मी उजवीकडे बघतो का, ते बघशील?"