चार आठवडे म्हणजे महिना नव्हे

आमच्या गोव्यातल्या छोट्या अभ्यासमंडळाला एका आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेचं संस्था-सभासदत्व मिळायला दहा महिने लागले. अर्ज भरायला लागली होती चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ बराचसा आमच्याच नियमावलीने आणि १८६० सालच्या सोसायटी नोंदणी कायद्याने खाल्ला, हे आधीच कबूल करतो. संघटनेचं नाव लिहीत नाही, कारण दरवर्षी नूतनीकरणाला त्याच कचेरीशी गाठ आहे.

अर्जाच्या आधी त्यांची घटना वाचा. संकेतस्थळावर ‘सभासद व्हा’ असं ठळक बटण असतं, ते दाबायची घाई नको. वैज्ञानिक संघटनांमध्ये सभासद या शब्दाचे तीन वेगळे अर्थ चालतात: देश, संस्था आणि व्यक्ती. १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघात देशही सभासद असतो आणि संशोधक व्यक्तीही. हौशी मंडळाला दार नाही. मतंही वाटून दिलेली असतात. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, तेव्हा मत होतं ते सभागृहात हजर असलेल्या व्यक्ती-सभासदांना. संघाचे सभासद काही हजार आणि प्रत्यक्ष मत देणारे काही शे, यावरून पुढे बरीच ओरड झाली. २०१८ साली विश्वाच्या प्रसरणाच्या नियमाला ‘हबल–लमेत्र नियम’ हे नाव देण्यासाठी मग सगळ्यांचं इलेक्ट्रॉनिक मत घेतलं गेलं. तेव्हा आपला वर्ग कोणता, त्या वर्गाला मत आहे का, आणि ते घरबसल्या देता येतं का, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय वर्गणीचा आकडा बघूच नये. ‘संलग्न’ हा वर्ग स्वस्त असतो आणि त्याला बहुधा मत नसतं.

आम्हाला हवा होता मताधिकार असलेला संस्था-सभासद हा वर्ग. त्यासाठी मागितलं होतं: नोंदणी प्रमाणपत्र, नियमावलीची प्रमाणित प्रत, चालू पदाधिकाऱ्यांची यादी आणि दोन वर्षांचे तपासलेले हिशेब. आमच्याकडे सगळं आहे असं वाटत होतं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला आणि सोबत दोन हरकती. एक, तुमच्या उद्देशांत वैज्ञानिक अभ्यासाचा उल्लेख नाही. दोन, संस्था बंद पडली तर मालमत्तेचं काय होईल, हे नियमावलीत नाही.

पहिली हरकत रास्त होती. मंडळ स्थापन करताना उद्देशांत ‘निसर्गप्रेम जागवणे, सहली काढणे, व्याख्याने ठेवणे’ असं गोड लिहिलं होतं. कातळसड्यांवरच्या वनस्पतींच्या नोंदी आणि खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनींतली मोजमापं पुढे वाढत गेली. कागद मात्र सहलीवरच थांबला होता.

दुसऱ्या हरकतीने डोकं फिरलं. सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की संस्था विसर्जित झाल्यावर देणी भागवून जे उरेल ते सभासदांत वाटता येत नाही, ते दुसऱ्या संस्थेला जातं. कायद्यातच आहे ते नियमावलीत पुन्हा कशाला? तसं उत्तर पाठवलं. संघटनेच्या कचेरीतल्या बाईंचं उत्तर आलं: कृपया नियमावलीतला परिच्छेद दाखवा. पुन्हा कलम पाठवलं, इंग्रजी मजकुरासकट. पुन्हा तेच वाक्य, स्वल्पविरामासकट तेच. राग ओसरल्यावर कारण समजलं. अमेरिकेत किंवा जर्मनीत नोंदलेल्या अशा संस्थांना करसवलत हवी असेल, तर विसर्जनानंतर मालमत्ता धर्मादाय कामालाच जाईल याची हमी द्यावी लागते. स्वतःला घातलेली अट ते सभासद-संस्थांच्या प्रश्नावलीतही उतरवतात. आणि आपलं कलम १४ फक्त ‘दुसरी संस्था’ म्हणतं. त्या संस्थेचे उद्देश कसे असावेत हे सांगत नाही. म्हणजे कचेरीतल्या बाईंचं बरोबर होतं. एवढंच त्यांनी पहिल्या पत्रात लिहिलं असतं तर दोन महिने वाचले असते.

आता खरा गुंता. या दोन दुरुस्त्या एकाच सभेत एका ठरावाने होत नाहीत. विसर्जनाचा परिच्छेद हा नियमांचा भाग, तो आपल्या नियमावलीत दुरुस्तीची जी पद्धत लिहिली असेल तिने होतो. उद्देश बदलायला मात्र कलम १२ लागतं, आणि कलम १२ शब्द न् शब्द वाचावं लागतं. प्रस्ताव लेखी करून विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला हातात किंवा टपालाने पोचवायचा. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली पीडीएफ टपालात मोडत नाही. आम्ही टपालाच्या पावत्या जपून ठेवल्या आणि त्या कामाला आल्या. पहिल्या विशेष सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी मंजुरी हवी, मत हजर राहून किंवा मुखत्यारपत्राने. मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब.

फरक लक्षात आला? पहिल्या सभेला हिशेब एकूण सभासदांवर, दुसऱ्या सभेला फक्त हजर असलेल्यांवर. लोक दुसऱ्या सभेला गर्दी जमवायला धावतात. जीव काढायचा तो पहिल्या सभेला.

आमच्या यादीत ६४ नावं. तीन-पंचमांश म्हणजे ३९ मतं. पेडण्यापासून काणकोणापर्यंत पसरलेले सभासद, ऑगस्टचा पाऊस. ३९ माणसं तर आमच्या रौप्यमहोत्सवालाही आली नव्हती. इथे कलम १५ कामाला आलं. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत नाही, आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. आमची वर्गणी १ एप्रिलला देय होते, म्हणजे ऑगस्टमध्ये थकलेले सगळे मोजणीबाहेर. २३ जण थकलेले निघाले. उरले ४१, त्यांचे तीन-पंचमांश २५. सभेला १७ आले, मुखत्यारपत्रं ९, एकूण २६. एक मत जास्त! खजिनदाराने सभेच्या तारखेची थकबाकीची यादी सहीनिशी इतिवृत्ताला जोडली पाहिजे, नाहीतर ४१ हा आकडा कुठून आला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. आणि थकलेल्यांना आधी एक स्मरणपत्र जरूर पाठवा. कायद्याला ते लागत नाही, पण एकाच गावात राहायचं असतं.

इथवर जमलं, आणि मग आम्ही माती खाल्ली. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सप्टेंबरच्या मध्यानंतर होती. चवथीच्या आधी काम उरकावं म्हणून दुसरी सभा बरोबर चार आठवड्यांनी, सोयीच्या रविवारी ठेवली. पहिली ६ ऑगस्टला, दुसरी ३ सप्टेंबरला. सगळे आले, एकमताने मंजूर झालं, चहा-बटाटवडे झाले. निबंधकांच्या कचेरीत कागद दाखल करायला गेलो, तर तिथल्या कारकुनाने दोन्ही तारखांवर पेन्सिलीने रेघ मारली, बोटांवर दिवस मोजले आणि विचारलं, “म्हयनो खंय जाला?” अठ्ठावीस दिवस. महिना ६ सप्टेंबरला पुरा होत होता. तीन दिवस कमी पडले आणि सगळी सभा वाया. पुन्हा दहा दिवसांची सूचना, पुन्हा टपाल. मधे चवथ, तिथे घराघरांत पाहुणे आणि गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, सभेचं नाव काढायची सोय नाही. दुसरी सभा पुन्हा भरली ती १ ऑक्टोबरला. कारकुनावर रागावून उपयोग नव्हता, त्याने फक्त कायदा वाचला होता.

हे ३/५ प्रकरण केवळ आपलंच नाही, हे नंतर कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची आंतरराष्ट्रीय संहिता बदलायलाही आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या नामकरण-विभागात ६० टक्के मतं लागतात. जुलै २०२४ मध्ये माद्रिदला शास्त्रीय नावांतला ‘काफ्रा’ हा आफ्रिकी कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द बदलण्याचा ठराव ३५१ विरुद्ध २०५ असा, म्हणजे ६३ टक्क्यांनी निभावला. तिथे वनस्पतिसंग्रहालयांना एक ते सात मतं असतात, आणि एका माणसाच्या हातात सगळी मिळून पंधराहून जास्त मतं जमू देत नाहीत. मुखत्यारपत्रांवर असं बंधन आमच्या नियमावलीत आधी नव्हतं; ते याच दुरुस्तीत घालून घेतलं होतं. एका सभासदाकडे दोनच.

पदाधिकाऱ्यांच्या यादीबद्दल सांगायचं राहिलं. कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत नियामक मंडळाची यादी निबंधकांकडे द्यावी लागते: नाव, पत्ता, व्यवसाय. आम्ही दोन वर्षं दिलीच नव्हती. त्यामुळे प्रमाणित प्रत काढली तेव्हा तिच्यात आधीचे सचिव होते आणि अर्जावर सही नव्या सचिवांची. संघटनेला वाटलं, भलताच माणूस अर्ज करतोय. अर्जाआधी स्वतःच्याच संस्थेच्या प्रती काढून वाचा. कलम १९ प्रमाणे फी भरून कोणालाही कागद पाहता येतात आणि प्रमाणित नक्कल मिळते.

आणि गोव्याचं खास दुखणं म्हणजे नावांची स्पेलिंगं. नाईक हे आडनाव पासपोर्टवर साध्या वळणाचं आणि जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, शेवटी क्यू-यू-ई. राजधानीचं नाव एका कागदावर पणजी, दुसऱ्यावर पंजिम, शिक्क्यावर तिसरंच. आपल्याला याचं काही वाटत नाही, पण परदेशातल्या तपासनिसाला ती दोन माणसं आणि तीन शहरं दिसतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. संस्थेच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग नोंदणी प्रमाणपत्रावर आहे अक्षरशः तसंच सगळीकडे लिहा, चुकीचं वाटलं तरी.

नियमावली मराठीत असेल तर भाषांतरात एक खड्डा आहे. कायद्यातलं नियामक मंडळ म्हणजेच आपली कार्यकारिणी. आमच्या भाषांतरकाराने एका पानावर एक इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या पानावर दुसरा वापरला, आणि तपासनिसाने विचारलं की या दोन समित्यांमध्ये वरची कोणती. ‘आश्रयदाते’, ‘आजीव’, ‘सन्माननीय’ या वर्गांपैकी मत कोणाला आहे, हेही भाषांतरात उघड लिहा. आधी शब्दांची एक पानाची जोडयादी करून भाषांतरकाराला दिली असती तर एक फेरी वाचली असती.

मंजुरी फेब्रुवारीत आली. पुढचा अडसर पैसे पाठवण्याचा. १२० युरो. सचिवांच्या कार्डाने भरून टाकू असं सगळेच सुचवतात. पण परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना निवासी व्यक्तींसाठी आहे, संस्थांसाठी नाही. आणि पावती सचिवांच्या नावाने आली तर लेखापरीक्षक विचारणार. संस्थेच्या खात्यातून पाठवायचं तर ए-२ हा परकीय चलनाचा फॉर्म, संघटनेचं बिल आणि कार्यकारिणीचा ठराव लागतो. प्रयोजनाच्या रकान्यात ‘देणगी’ लिहू नका, सभासद-वर्गणी लिहा. आमच्या बँकेने १२० युरोंसाठी सनदी लेखापालाचं १५सीबी हे कर-प्रमाणपत्र मागितलं. तेव्हाच्या नियमात ते करपात्र रक्कम वर्षाला पाच लाखांवर गेली तरच लागत होतं; नियमाची छापील प्रत नेऊन दाखवली तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. आणखी एक गोष्ट: शुल्क कोणाच्या माथी हे विचारतात तिथे ‘पाठवणाऱ्याच्या’ निवडा. आम्ही ‘वाटून’ निवडलं. मधल्या बँकेने कापून घेतलं, पोचले १०८ युरो, आणि संघटनेच्या दप्तरात आमची वर्गणी अपुरी. उरलेले १२ युरो पाठवण्याचा खर्च त्या १२ युरोंहून जास्त! शेवटी पुढच्या बिलात धरा म्हणून विनंती केली. तेवढं मात्र त्यांनी ऐकलं.

पैसे बाहेर जाणं सोपं, आत येणं नाही. संघटना प्रवासासाठी संस्थेच्या खात्यात पैसे देऊ लागली तर ते विदेशी योगदान ठरतं. परदेशी योगदान नियमन कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक युरोही घेऊ नये. आम्ही लेखी नकार कळवून ठेवलाय.

मतदानाची मुदत वाचताना घड्याळ सांभाळा. ‘पृथ्वीवर कुठेही’ असं लिहिलेलं असेल तर त्या तारखेची रात्र ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९. मध्य युरोपची वेळ असेल तर हिवाळ्यात पहाटे ४:२९, उन्हाळ्यात ३:२९.

संघटनेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, आमचं एप्रिलला. त्यामुळे त्यांचं बिल येतं तेव्हा आमच्या अंदाजपत्रकात पैसे संपलेले असतात. यंदाच्या वार्षिक सभेत पुढच्या जानेवारीची वर्गणी आधीच मंजूर करून घेतली, आणि पदाधिकाऱ्यांची यादी चौदा दिवसांत नाही, चौथ्याच दिवशी दाखल केली.