व्याख्येतला एक शब्द काढून बघ

दहावीपर्यंत मी परळच्या मराठी शाळेत होते. अकरावीला दादरच्या कॉलेजात सायन्स घेतलं आणि ओळखीचे शब्द परके झाले. पेशीची सेल झाली, जनुकाचा जीन, परागणाचं पॉलिनेशन. अकरावी कशीबशी निघाली. बारावीच्या पहिल्या युनिट टेस्टला बायोलॉजीत 25 पैकी 11 मिळाले आणि गेलेले बहुतेक मार्क व्याख्यांचे होते. पहाटे उठून, फेऱ्या मारत पाठ केलेल्या व्याख्यांचे.

ऑस्मोसिसच्या, म्हणजे परासरणाच्या, उत्तराखाली मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, "कशातून?" पाण्याचे रेणू जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे जातात एवढंच मी लिहिलं होतं. सेमीपर्मिएबल मेंब्रेन, म्हणजे काहींना जाऊ देणारं आणि काहींना अडवणारं पटल, राहून गेलं होतं. दोन शब्दांसाठी मार्क का कापले, असं विचारायला मी स्टाफरूममध्ये गेले. मॅडम म्हणाल्या, "ते दोन शब्द काढल्यावर उरलं ते काय आहे, सांग बघू." उरलं होतं डिफ्यूजन, नुसतं पसरणं. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, त्याला कुठलं पटल लागतं? मी दुसऱ्याच गोष्टीची व्याख्या लिहून आले होते. घरी येऊन शाळेची जुनी पुस्तकं काढली. तिथे परासरणाच्या व्याख्येत 'निवडक्षम पारपटल' ठळक छापलेलं होतं. शाळेत मला हे येत होतं!

त्या रात्री दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर पुस्तकातली इंग्रजी व्याख्या, जशीच्या तशी. उजव्या पानावर त्यातल्या एकेका महत्त्वाच्या शब्दाची चौकट आणि वर एकच प्रश्न: हा शब्द काढला तर काय बिघडेल? उत्तर मराठीतच लिहायचं. काही चौकटी त्याच दिवशी भरल्या, काही महिनोन्महिने रिकाम्या राहिल्या. पण चौकट भरली की ती व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नसे.

पॉप्युलेशनचंच बघा. एकाच जातीचे, एका ठराविक जागेत, एकाच काळात राहणारे जीव. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधले बिबटे ही एक पॉप्युलेशन. 'एकाच जातीचे' काढा, की बिबटे, चितळ, माकडं, साग, कारवी सगळेच आत येतात आणि ती कम्युनिटी होते. त्यात माती, पाणी, ऊन धरलं की इकोसिस्टिम. तीन व्याख्या मी वेगवेगळ्या घोकत होते, त्या एकातून एक निघत होत्या.

काही ठिकाणी मराठी शब्दानेच वाट दाखवली. ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशनमध्ये माझा कायम घोटाळा व्हायचा. दहावीला आम्ही प्रतिलेखन आणि भाषांतरण शिकलो होतो. प्रतिलेखन म्हणजे उतरवून घेणं. डीएनएवरचा मजकूर आरएनएवर उतरतो, भाषा न्यूक्लिओटाइड या अक्षरांचीच राहते. भाषांतरणात भाषाच बदलते, तीन-तीन न्यूक्लिओटाइडच्या 64 कोडॉनवरून 20 अमिनो आम्लांच्या भाषेत. त्यातले 61 कोडॉन अमिनो आम्लांसाठी आणि 3 थांबायची खूण. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी अगदी मनापासून सांगते, जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नका.

एंडोस्पर्मची, म्हणजे बीजातल्या गर्भाला अन्न पुरवणाऱ्या भागाची, चौकट स्वयंपाकघरात भरली. एक नर युग्मक अंड्याशी जुळतं, दुसरं दोन ध्रुवीय केंद्रकांशी, म्हणून एंडोस्पर्ममध्ये गुणसूत्रांचे तीन संच. हे पाठ होतं, पण ते दिसायचं कुठे? आईने नारळ फोडला तेव्हा ते समोर होतं. खोबरं म्हणजे पेशीमय एंडोस्पर्म आणि शहाळ्याचं पाणी म्हणजे भिंती न पडलेलं, मोकळ्या केंद्रकांचं एंडोस्पर्म. नारळाच्या डोळ्याच्या आतल्या बाजूला खोबऱ्यात रुतलेला इवलासा पांढरा गर्भ आईनेच सुरीच्या टोकाने काढून दाखवला.

पण सगळ्यात मोठा धक्का दिला आत्याने. ती रक्तपेढीत टेक्निशियन आहे. दिवाळीत घरी आली असताना मी तिला जीनोटाइप आणि फिनोटाइप धडाधड म्हणून दाखवलं. एक म्हणजे जनुकांची मांडणी, दुसरं म्हणजे बाहेर दिसणारं लक्षण. ती म्हणाली, "बरं. एखाद्याच्या अंगात ए गटाचा जीन आहे आणि तपासणीत रक्तगट ओ दिसतो. होईल का असं?" मी ठामपणे नाही म्हटलं. ए प्रबळ आहे, तो दिसणारच.

"होतं. आपल्याच मुंबईत सापडलंय," ती म्हणाली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवायला लागली. तांबड्या पेशीवर आधी एच नावाचा पाया लागतो, त्यावर ए किंवा बी चढतो. ओ गटाच्या माणसात नुसता एच असतो. ज्याला आई आणि वडील दोघांकडूनही एचचा अप्रभावी जीन मिळाला, त्याच्याकडे पायाच नाही. मग ए असो की बी, चढणार कशावर? 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नोंदवलं, म्हणून जगभर त्याला बॉम्बे फिनोटाइप म्हणतात. "ओळखायचं कसं?" मी विचारलं. "त्याच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकायच्या. गुठळ्या झाल्या की सावध व्हायचं. ओचं रक्त सगळ्यांना चालतं म्हणतो ना आपण, या माणसाला तेही चालत नाही. बॉम्बेवाल्याला बॉम्बेचंच लागतं."

त्या नावात 'फिनोटाइप' का आहे, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. प्रबळता म्हणजे एकाच जीनच्या दोन रूपांमधली गोष्ट. इथे एक जीन दुसऱ्याच जीनला झाकतो, तो एपिस्टॅसिस. डॅनिश शास्त्रज्ञ योहान्सनने 1909 मध्ये हे शब्द केले तेव्हा आतलं आणि दिसणारं असे दोन वेगळे शब्द त्याला का हवे होते, हे त्या वर्तमानपत्राच्या कडेवर स्पष्ट दिसत होतं. तो कागद मी वहीत चिकटवला.

बोर्डाचं थोडक्यात सांगते. लेखी 70, प्रॅक्टिकल 30, वेळ तीन तास, धडे पंधरा. थेट व्याख्या विचारतात थोड्याच, पण फरक स्पष्ट करा, कारणं द्या, हे सगळं व्याख्येवरच उभं असतं. मला लेखीला 61 मिळाले.

प्रिलिमच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी लॅब उघडी ठेवली होती. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल काढून मी स्लाइडवर ठेवली, मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला. बघता बघता प्रत्येक पेशीतला जांभळा रंग भिंतीपासून सुटला आणि मधोमध गोळा झाला. प्लाझ्मोलिसिस, आपला रससंकोच. मॅडमनी विचारलं, "भिंत आणि गोळा यांच्यामध्ये काय आहे?" मी म्हटलं, हवा. "हवेच्या बुडबुड्याला काळी कड दिसते. दिसतेय?" दिसत नव्हती. मग सुचलं. पेशीभित्तिका पाण्याला किंवा मिठाला अडवत नाही, तिथे बाहेरचं मिठाचं पाणीच शिरलेलं असणार. त्या हसल्या. कव्हरस्लिपच्या एका कडेला त्यांनी साध्या पाण्याचा थेंब सोडला, दुसऱ्या कडेला टिपकागद लावला. हळूहळू जांभळे गोळे फुगले आणि भिंतींना जाऊन टेकले.

एक पेशी मात्र फुगली नाही. तिचा रंग झिरपून ती फिकट पडत गेली. "हिचं काय झालं?" मी विचारलं. "मेली ती. पटल फाटलं," मॅडम म्हणाल्या.

मी वही काढली. प्लाझ्मोलिसिसच्या पानावर 'लिव्हिंग' या शब्दासमोरची चौकट तेवढी रिकामी होती.