आडनावाचं बारसं

पाळण्याभोवती 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' संपतं, आत्या वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि म्हणते, 'गवंडी!' लगेच तिच्या पाठीवर बायकांचे धपाधप बुक्के. आपल्याकडे असं कधी होणार नाही. अमेरिकेत मात्र 2011 साली जन्मलेल्या मुलग्यांच्या नावांत 'मेसन' दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि मेसन म्हणजे गवंडीच. टेलर शिंपी, कार्टर गाडीवान, कूपर लाकडी पिंपं बांधणारा. सगळी मुळात आडनावं.

खरी गंमत मॅडिसनची. मूळ अर्थ 'मॉडचा मुलगा'. जेम्स मॅडिसन अमेरिकेचे चौथे अध्यक्ष, त्यांचं आडनाव न्यूयॉर्कमधल्या एका रस्त्याला दिलेलं. 1984 च्या 'स्प्लॅश' सिनेमात एक जलपरी त्या रस्त्याचं नाव ऐकते आणि तेच नाव स्वतःला घेते. तेव्हा तो विनोद होता. 2001 मध्ये तिथल्या नवजात मुलींत मॅडिसन दुसऱ्या क्रमांकावर! नावाच्या अर्थातच 'मुलगा' बसलाय, हे किती आईबापांच्या गावी होतं कोण जाणे.

आपण थोरांचं नाव ठेवताना पहिलंच उचलतो. रमेश तेंडुलकरांना सचिन देव बर्मन आवडायचे, म्हणून मुलगा सचिन झाला. बर्मन नाही झाला. तमिळनाडूत हा संकोच नाही. करुणानिधींना 1 मार्च 1953 ला मुलगा झाला, चारच दिवसांनी तिकडे स्टालिन गेला, आणि इकडे मुलगा स्टालिन झाला. (तेही स्टालिनचं जन्माचं आडनाव नव्हे, स्वतः घेतलेलं, पण ते असो.) आणि लांब कशाला जा, वसईत विल्सन, नेल्सन भेटतातच. 1958 साली बिलियर्ड्समध्ये जगज्जेते झालेले विल्सन जोन्स तर पुण्यात जन्मलेले.

फॅशनच्या नावांचं मला फारसं कौतुक नाही. पण या प्रथेची एक जुनी शाखा आहे, तिचा मात्र हेवा वाटतो. आईचं माहेरचं आडनाव पोराला नाव म्हणून द्यायचं. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं पहिलं नाव थॉमस. वुड्रो हे त्यांच्या आईचं माहेर. थॉमस मागे पडलं, माहेर टिकलं. 1912 मध्ये विल्सन निवडणुकीला उभे असताना ओक्लाहोमातल्या गथ्री कुटुंबाने आपल्या मुलाचं नाव वुड्रो विल्सन ठेवलं. तोच पुढे लोकगायक वुडी गथ्री. म्हणजे कुठल्या बाईचं माहेर कुठल्या पोराच्या नावात जाऊन बसलं बघा. रूझवेल्टांच्या नावातलं डेलानो आणि केनेडींच्या नावातलं फिट्झजेराल्ड हीसुद्धा आयांची माहेरंच.

आपल्याकडे 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव येऊ लागलं. चांगलंच झालं. पण तिथे तिचं नाव येतं, माहेरचं आडनाव नाही. माझ्या आईचं ते आडनाव आता मला फक्त बँक विचारते, फोनवर ओळख पटवायला. ते इतकं पुसलं गेलंय की गुपित म्हणून चालतं!

म्हणून मनातल्या मनात करून पाहिलं: फडके अनिल गोडबोले. वकिलांची पेढी वाटते, मान्य. पण शाळेत तरी पहिल्या नावाने हाक कोण मारतं? 'ए गोडबोल्या, बॉल टाक' यावरच दहा वर्षं निघतात. मग गोडबोल्याच्या जागी फडक्या, एवढंच. आईला ऐकवलं. तवा गॅसवर होता, मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "नको रे बाबा. तुझ्या मामाला जन्मभर 'ए फडक्या, टेबल पूस' ऐकावं लागलंय."