तुम्ही विचारलंत म्हणून : मी लगेच ‘हो’ का म्हणत नाही

प्रश्न नेहमी दोन हप्त्यांत येतो. पहिला हप्ता, “ताई, बेस जंपिंग शिकवाल का?” मी “थोडं थांब” म्हटलं की दुसरा, जरा चढ्या आवाजात, “तुमच्यात एवढे नियम आहेत तर ते कुणी लिहून का ठेवत नाही? नवीन माणसाला कळायचं कसं?” पुण्या-नाशिकचे ट्रेकर विचारतात. इथे अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइजीत, गणपतीला भेटणारे विद्यार्थी विचारतात. नात्यातल्या एका मुलाने लग्नाच्या पंगतीत विचारलं आणि मी टाळलं म्हणून अजून रुसून आहे. प्रत्येकाला वेगळं, अर्धवट उत्तर देऊन मी दमले आहे. शिवाय माझ्या नकाराला शिष्टपणा म्हटलं जातं, ते मला लागतं.

बेस जंपिंग म्हणजे पूल, कडा अशा एका जागी उभ्या ठिकाणावरून पॅराशूट घेऊन मारायची उडी. यात एकच पॅराशूट असतं, राखीव नसतं, हे तुम्हाला ठाऊक असतंच. विमानातून मारायच्या उडीशी याची गल्लत मात्र अजून होते. पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे स्कायडायव्हिंग मराठी घरांत पोचलं, याचा मला अभिमान आहे. पण तिथे चूक दुरुस्त करायला उंची हाताशी असते. मी ज्या पुलावर शिकले तो आयडाहोतल्याच ट्विन फॉल्स गावचा पेराइन ब्रिज स्नेक नदीपासून 148 मीटर उंच आहे. काहीच उघडलं नाही तर साधारण साडेपाच सेकंदांत पाणी. नॉर्वेतल्या शेराग कड्यावरच्या 1995 ते 2005 या काळातल्या 20,850 उड्यांचा अभ्यास झाला, त्यात 9 माणसं गेली होती. तो कडा पुरेसा उंच, माहितीतला, आणि तिथे सांगणारी माणसं हजर असतात. तरीही.

आता शिकवणं म्हणजे काय करणं, ते सांगते. नवीन माणसाची पहिली उडी बहुतेक वेळा अशी होते, की त्याचं पायलट शूट, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर खेचणारं छोटं पॅराशूट, शिकवणारा हातात धरून पुलावर उभा राहतो. नवीन माणूस उडी घेतो, मधली पट्टी ताणली जाते, पॅराशूट बाहेर येतं आणि मग ते शूट आपल्या बोटांतून निसटून जातं. एखादा सेकंदही नसतो तो. पण त्याआधी त्याने पॅराशूट कसं घडी केलंय हे मी दोरी-दोरी पाहिलेलं असतं, वारा मी बघितलेला असतो, आणि “जा” हा शब्द माझा असतो. पुढे तो कुठेही गेला तरी लोक विचारतात, “हा कुणाचा?” हा आमचा नियम कुठेच लिहिलेला नाही आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. शिष्य जे करेल त्याचा जाब गुरूला द्यावा लागतो.

मी स्वतः शिकत होते तेव्हा या सगळ्याचा मला मनस्वी राग यायचा. मला शिकवणारे गृहस्थ ट्विन फॉल्सजवळ शेतांना पाणी देणाऱ्या यंत्रणा दुरुस्त करायचे. एक अख्खा हिवाळा त्यांनी मला फक्त घड्या घालायला लावल्या. त्यांच्या गॅरेजच्या फरशीवर मी पॅराशूट घडी करायची, ते न बोलता उलगडायचे. हिवाळा सरल्यावर पुलावर नेलं ते दुसऱ्यांच्या पिशव्या वाहायला. स्कायडायव्हिंगच्या 200 उड्या झाल्याशिवाय विषय काढायचा नाही, हेही त्यांनीच बजावलेलं, आणि त्या पुऱ्या झाल्यावरही विषय त्यांनी काढला नाहीच. मी त्यांना तोंडावर म्हणाले, की तुम्ही ज्ञान दाबून ठेवता. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या असंच झालं, विद्या मूठभरांनी मुठीत ठेवली आणि बाकीच्यांना दाराबाहेर उभं केलं. कागदावर लिहा, सगळ्यांना सारखं मिळू द्या.

ते म्हणाले, लिहिलं की माणसं लिहिलेल्याच्या काठापर्यंत जाऊन उभी राहतात. मला ते उत्तर पळवाट वाटलं. खरं सांगायचं तर आजही अर्धं तसंच वाटतं. कारण काही नियम लिहिता येतात, हे स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात गेलं की दिसतं. तिथलं गवत गाईंच्या वैरणीचं, म्हणून उंच वाढलेल्या गवतात उतरायचं नाही. ज्यांच्या कुरणात उतरतो त्या शेतकऱ्यांना मोबदला पोचावा म्हणून लँडिंग कार्ड घ्यायचं. उडीआधी हेलिकॉप्टरच्या तळाला फोन करायचा. हे सगळं लिहिलेलं आहे आणि त्यामुळेच तिथे इतकी वर्षं उड्या चालू आहेत. म्हणजे तेव्हाची मी अगदीच चुकीची नव्हते.

पण नुसत्या लिहिण्याने भागत नाही, हेही याच खेळाच्या इतिहासात आहे. योसेमिटीच्या एल कॅपिटनवरून उडी मारायला 1980 मध्ये परवाने मिळू लागले होते. अटी कागदावर होत्या. त्या धुडकावल्या गेल्या आणि त्याच वर्षी परवाने बंद झाले, ते आजतागायत. कार्ल बोनिश यांनी हा खेळ उभा केला, त्याला नाव दिलं. 1984 च्या जुलैत नॉर्वेच्या ट्रोलवेगनवर तेच गेले, आणि 1986 पासून त्या कड्यावरून उडी मारणं हा गुन्हा आहे. एखादी जागा बंद होते ती सगळ्यांसाठी होते. ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यासाठीही, आणि जे अजून शिकलेही नाहीत त्यांच्यासाठीही. त्याला आमच्यात जागा ‘जाळणं’ म्हणतात. ज्याने जागा जाळली त्याला नंतर कुणी आपल्याबरोबर नेत नाही.

हे सगळं मला माहीत होतं, तरी मी एकाला शिकवलं.

तो साताऱ्याचा. सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलेला, युटात एम.एस. करायला आलेला. स्कायडायव्हिंगची सगळी तयारी करून, लॉगबुक घेऊनच माझ्याकडे आला. आर्जवी नव्हता, पण कष्टाळू होता. जे मला करायला लावलं होतं ते मी त्याला लावलं आणि त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्याचं पायलट शूट मी माझ्या हातात धरलं. तो पाण्याकाठी नीट उतरला, दरीतून दगडांवर हात टेकत वर चढून आला आणि पुलाच्या पार्किंगमध्ये मला वाकून नमस्कार केला. अमेरिकन मित्र बघत राहिले. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी लपवत नाही. मला फार छान वाटलं.

पूल सोपा का, तर पुलाला भिंत नसते. पॅराशूट उलट्या दिशेला तोंड करून उघडलं तर पुलाखालच्या हवेतून पलीकडे जाता येतं. कड्यावर तसं झालं तर समोर दगड असतो, आणि मागच्या पट्ट्या ओढून वळायला जेमतेम एक श्वास. हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की तो माझं वाक्य पुरं करायचा. कड्यावर जायचं ते त्या कड्याच्या माणसांबरोबर, हेही सांगितलं होतं. वाळवंटातल्या एका लाल कड्याचं तर नाव घेऊन सांगितलं होतं, की तिथे फक्त सकाळी, वारा पडलेला असताना, आणि तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय नाही.

तो त्याच कड्यावर गेला. पुलावर ओळख झालेल्या दोघांबरोबर, दुपारी, कुणाला न विचारता. पॅराशूट उघडलं ते भिंतीकडे तोंड करून. तो भिंतीवर आपटला, घासत खाली आला आणि कड्याच्या पायथ्याच्या दगडांत अडकला. कमरेचं हाड आणि उजवी मांडी मोडली. काउंटीचे बचाव पथकातले स्वयंसेवक पोचेपर्यंत अंधार झाला होता. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर काढायला त्यांना अर्धी रात्र लागली. कड्याकडे जाणारी वाट एका गुरं पाळणाऱ्याच्या जमिनीतून जायची. त्याने दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लावलं. वर्षानुवर्षं तिथल्या लोकांनी त्या माणसाशी बोलून-चालून, कुंपणं दुरुस्त करून देऊन ती वाट उघडी ठेवली होती. त्यांच्यापैकी एकाचा मला फोन आला. त्याने शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. “तुझा मुलगा होता,” एवढंच म्हणाला.

पण तो फोन सोपा होता. अवघड फोन त्याच्या आईचा होता.

तिला माझा नंबर त्यानेच दिला होता, इस्पितळातून. व्हिसा मिळायला वेळ लागणार होता आणि तिला तोवर कुणीतरी मराठीत सांगायला हवं होतं. “तुम्हीच का त्या ताई?” तिने विचारलं. मी हो म्हणाले. मग तिने डॉक्टरांचं विचारलं नाही, ते तिला कळलं होतं. तिने विचारलं, नक्की झालं काय ते सांगा. मी सांगितलं. पॅराशूट उलटं कसं उघडतं, का उघडतं, तेव्हा काय करायचं असतं. ती मध्येच थांबवून विचारायची. “म्हणजे त्याची चूक?” मी म्हणाले, उलटं उघडणं ही कुणाचीच चूक नसेल, घडी नीट असूनही होतं. “मग तिथे जाणं ही चूक?” मी म्हणाले, हो. “ते त्याला माहीत होतं?” हो. “कुणी सांगितलं होतं?” मी. बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तो बंद केला. मग ती म्हणाली, “अहो, मी त्याला पोहायला सुद्धा नदीवर पाठवलं नाही. आणि तुम्ही त्याला हे शिकवलंत.”

मी काय म्हणू शकत होते? मी म्हणाले, तो माझ्याकडे आला नसता तर दुसऱ्या कुणाकडे गेला असता, किंवा व्हिडिओ बघून एकटा गेला असता, आणि मग कदाचित आज आपण बोलतही नसतो. हे मी स्वतःला वाचवायला म्हणाले का? थोडं हो. पण ते खरंही आहे. मागचे पट्टे ओढायला त्याचे हात आपोआप गेले होते, म्हणून तो अर्धा वळला आणि भिंतीला तोंडावर न आदळता खांद्यावर आदळला. ते त्याचे हात मी शिकवले होते. हे वाक्य मी तिला सांगितलं नाही. ते कुठल्याही आईला सांगायचं वाक्य नाही. शेवटी ती म्हणाली, “तुम्हाला मुलं आहेत का?” मी नाही म्हणाले. तिने ठेवते म्हणून फोन ठेवला. नंतर ती इथे आली, माझ्याकडे जेवली, माझ्याशी चांगलं बोलली. तो विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.

त्याला मी महिनाभराने भेटले तेव्हा मी विचारलं, तिथल्या माणसांना का विचारलं नाहीस? तो म्हणाला, “ताई, कुणाला विचारायचं ते कुठे लिहिलं होतं?”

माझंच वाक्य होतं ते. त्या गॅरेजमध्ये मी जे फेकलं होतं ते तसंच्या तसं माझ्याकडे आलं. मला संताप आला, कारण मी त्याला तोंडी सांगितलं होतं. आणि तरीही त्याला उत्तर देता आलं नाही. मी त्याला थेट त्या कड्याच्या माणसांकडे पाठवायला हवं होतं असं काही जण म्हणतात. पण त्या माणसांची नावं मी कागदावर देऊ शकत नाही. ती नावं जपली जातात म्हणूनच ती फाटकं उघडी राहतात. बाहेरच्याला हे दार बंद करणं वाटतं, आणि ते तसं आहेही. वशिला लागतो. माझा रंग, माझं इंग्रजी, माझं बाई असणं, यांमुळे मलाही ते दार बराच काळ बंद होतं. म्हणून या पद्धतीची बाजू घेताना मला बरं वाटत नाही. पण जिच्यासाठी ही सोडून द्यावी अशी दुसरी पद्धत मला अजून कुणी दाखवलेली नाही.

मी लिहायला बसलेही होते. वाऱ्याचं लिहिलं, किती वाऱ्यात नाही ते लिहिलं. मग प्रत्येक ओळीला “पण या कड्यावर” असं जोडावं लागलं. शेवटी पानभर ‘पण’ झाले. एक ओळ मात्र कशालाही न जोडता उभी राहिली. वर गेलेला माणूस उडी न मारता चालत खाली उतरला, तर त्याला कारण विचारायचं नाही. हा नियम तुम्ही आजपासूनच पाळू शकता, ट्रेकलाही.

आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, तिथून उडी मारता येईल का, हेही तुम्ही विचारता. हो, मला माहीत आहे, कडा पोटात वळलेला आहे, म्हणजे भिंत आपल्यापासून लांब. तुम्ही फोटो पाठवता, लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्याचे पण पाठवता. मला फोटोत दिसतो तो खालून वर येणारा वारा, ज्यात पावसाळ्यात पाणी उलटं उडतं. खालचं जंगल आणि दगडधोंडे दिसतात, उतरायला मोकळी जागा दिसत नाही. आणि तुम्ही पडलात तर तुम्हाला उचलायला कोण येणार, तेही दिसतं. खालच्या वाडीतली माणसं येतील, आणि आपली नोकरी-धंदा टाकून धावणारे बचाव गटांतले स्वयंसेवक येतील. लोणावळ्याच्या शिवदुर्गची पोरं वर्षानुवर्षं हे करतात. तुमच्यापैकी किती जणांनी त्यांच्याबरोबर एकदा तरी स्ट्रेचर उचललाय? मी हा प्रश्न उलट विचारते तेव्हा बहुतेकांचा पुढचा मेसेज येत नाही. ज्यांचा येतो त्यांच्याशी मी बोलते.

साताऱ्याचा तो आता बरा चालतो, थंडीत लंगडतो. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, पुलावर परत येऊ का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हणाले तर तो दुसऱ्या कुणाबरोबर जाईल. हो म्हणाले तर ते शूट पुन्हा माझ्या हातात असेल, आणि त्याची आई माझ्या घरी जेवलेली आहे. तुम्ही सगळे विचारता तेव्हा माझ्या डोक्यात हे चाललेलं असतं. नात्यातल्या त्या मुलाने आधी स्कायडायव्हिंग सुरू करावं, नीट, परवाना घेऊन, आणि मग मला फोन करावा. हो म्हणेन असं कबूल करत नाही. पण फोन उचलेन.