तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिचेव्स्की चित्रकार की आर्किटेक्ट?

वासिल क्रिचेव्स्कीबद्दल मी बोलले की हा प्रश्न हमखास येतो. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांची त्यात आणखी एक शंका असते: ज्याच्याकडे दोन्हींपैकी कशाचीच पदवी नव्हती, त्याला एवढा मान का द्यायचा? म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याचा जन्म 1873चा, युक्रेनच्या ईशान्येला असलेल्या वोरोझ्बा गावातला. खार्किवच्या रेल्वे तांत्रिक शाळेत तो शिकला आणि मग वास्तुकारांच्या हाताखाली नकाशे काढू लागला. शाळेतलं शिक्षण तेवढंच. बाकी सगळं तो खेड्यांतली घरं, लाकडी चर्च, कुंभारकाम आणि हातमागावरचे गालिचे पाहून शिकला. दिसेल ते बारकाईने कागदावर उतरवायचं, हा त्याचा रियाज. त्याच्या सगळ्या कामाचं गमक मला यातच दिसतं.

1903 साली पोल्टावा शहरात झेम्स्त्वोची, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची, इमारत बांधायची होती. आधी ठरलेला आराखडा युरोपी वळणाचा होता. तिशीतल्या क्रिचेव्स्कीने त्याऐवजी युक्रेनी धाटणीचा आराखडा दिला, आणि बऱ्याच वादानंतर तो मान्य झाला. त्या काळी रशियन साम्राज्यात युक्रेनी भाषेत पुस्तकं छापण्यावर 1876च्या फर्मानाने निर्बंध होते. त्याच 1903मध्ये, याच पोल्टाव्यात, कवी कोत्ल्यारेव्स्की यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. युक्रेनी साहित्याच्या त्या आद्य कवीच्या समारंभात साम्राज्याच्या प्रजाजनांना युक्रेनीत भाषण करायला मनाई झाली. अशा गावात, सरकारदरबारच्या कामासाठी, भिंतीभिंतीवर युक्रेन दाखवणारी इमारत उभी राहिली. हे धाडस मला आजही थक्क करतं.

इमारत 1908मध्ये पुरी झाली. दारं-खिडक्यांचे वरचे कोपरे तिरपे कापलेले, त्यामुळे त्यांचा आकार षट्कोनी. तो आला जुन्या लाकडी चर्चच्या दारांवरून. पीळ दिलेले खांब, रंगीत कौलं, आणि दर्शनी भागावर चकाकत्या मातीकामातली झाडंफुलं. या एका इमारतीपासून वास्तुकलेतल्या ‘युक्रेनी मॉडर्न’ शैलीची सुरुवात मानतात. पण शैलीचं नाव बाजूला ठेवून एवढंच पाहा: त्याने जुन्या इमारतीची नक्कल केली नाही. खेड्यातल्या सुताराने लाकडात केलेलं विटांत आणि मातीकामात करायचं, तर आकार कसे वाढवायचे, रंग कुठे थांबवायचे, हे त्याने ठरवलं. ते ठरवताना चित्रकाराचा डोळाच कामाला आला.

आता 1918. इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की हे स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या युक्रेनच्या मध्यवर्ती परिषदेचे प्रमुख. कीव्हमधलं त्यांचं सहा मजली घर क्रिचेव्स्कीनेच बांधलेलं, आणि तो स्वतःही तिथेच राहत होता. फेब्रुवारीत बोल्शेविक सैन्याने तोफा डागल्या आणि ते घर जळालं. ह्रुशेव्स्कींची पुस्तकं गेली. क्रिचेव्स्कीची चित्रं, जमवलेले गालिचे आणि भांडी गेली. वर्षानुवर्षांचा त्याचा अभ्यास राख झाला. आणि मार्च महिन्यात, म्हणजे जेमतेम दीड महिन्यात, त्याने काढलेलं त्रिशूळाचं राजचिन्ह परिषदेने मंजूर केलं! दोन ह्रिव्नियांच्या नोटेचं चित्रही त्याचंच. तेच प्राचीन त्रिशूळ युक्रेनने 1992मध्ये पुन्हा राजचिन्ह म्हणून स्वीकारलं.

चित्रकार म्हणून तो प्रामुख्याने निसर्गचित्रांचा. आकाराने लहान, उजेडाने भरलेली चित्रं. त्यांचा त्याने गाजावाजा केला नाही. मोठं प्रदर्शन झालं ते थेट 1940मध्ये, साठी उलटून गेल्यावर. दरम्यान कीव्हच्या कला अकादमीच्या स्थापनेत भाग, मिर्होरोदच्या मातीकाम संस्थेचं संचालकपद, पुस्तकांची मुखपृष्ठं, दिग्दर्शक दोव्झेन्कोच्या ‘झ्वेनिहोरा’ या मूकपटाचं कलादिग्दर्शन, कानिव्ह गावातलं कवी शेव्चेन्को यांचं संग्रहालय, हेही चालूच होतं.

मग युद्ध. 1943मध्ये त्याने कीव्ह सोडलं. त्याच वर्षी माघार घेणाऱ्या जर्मनांनी पोल्टाव्याची ती इमारत जाळली. युरोपभर भटकंती करत तो व्हेनेझुएलात पोहोचला आणि 1952मध्ये काराकासला वारला. त्याचा भाऊ फेदिर, तितकाच मोठा चित्रकार, 1947मध्ये कीव्हजवळच्या इर्पिनमध्ये विपन्नावस्थेत गेला. या दोन भावांबद्दल कलेच्या इतिहासाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी ओळही सापडली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

तर प्रश्नाचं उत्तर. मी त्याला चित्रकार म्हणते, कारण त्याच्या इमारतीसुद्धा आधी पाहण्यातून आल्या. पण त्याची ओळख करून घ्यायची तर सुरुवात चित्रांपासून करू नका. पोल्टाव्याच्या त्या इमारतीचे फोटो शोधा. युद्धानंतर ती दुरुस्त झाली, आता तिथे संग्रहालय आहे. आधी दार पाहा, मग खांब, आणि त्यानंतर त्याची निसर्गचित्रं बघा.