तुम्ही विचारलेत म्हणून: फोटोंची डिजिटल फ्रेम घ्यावी का?

हळदीकुंकवाला, औषधांच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठ पडली की मला हटकून विचारले जाते, "तुमच्याकडे ती आपोआप फोटो बदलणारी फ्रेम आहे ना? आम्ही घ्यावी का?" विचारणाऱ्यांतल्या काहींनी पूर्वी माझ्याच तोंडून तिचे कौतुक ऐकलेले असते. उरलेल्यांना खरे तर दुसरेच विचारायचे असते, की अमेरिकेहून आलेली एवढी वस्तू, मग ती बऱ्याचदा बंद का दिसते? "बघा तुमचे तुम्ही," असे म्हणून मी आजवर विषय टाळत आले. पण परवा जवळच्या नात्यातल्या एका बाईंनी "दिरांचे फोटो नको झाले असतील" असे कुणापाशी तरी म्हटल्याचे कानावर आले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमचे अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होते. चिकट पानांवर प्लास्टिक ओढून फोटो बसवायचे जे अल्बम असत, त्यांत पाणी गेले की फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुकताना प्लास्टिकला धरून बसतो. पान सोडवू गेले की कागद आपल्या हातात येतो आणि चेहरा प्लास्टिकवर राहतो. माझ्या लग्नाचे रंगीत फोटो असेच गेले. सासूबाईंच्या काळचे, काळ्या जाड कागदावर कोपरे अडकवून लावलेले कृष्णधवल फोटो मात्र स्वच्छ पाण्यातून काढून दोरीवर वाळवले, तेव्हा पुष्कळसे वाचले. पुढे नातेवाइकांकडच्या प्रती मोबाइलवर टिपून गोळा केल्या, आणि न्यू जर्सीला असलेल्या माझ्या पुतणीने, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीने, ते सगळे भरून पुढच्या वर्षी दिवाळीला ही फ्रेम पाठवली. गेले म्हणून सोडून दिलेले फोटो एकामागून एक समोर येताना पाहिले, तेव्हा मी भेटेल त्याला "घ्याच" असे सांगत सुटले होते, आणि त्या सांगण्यात खोटे काही नव्हते. तिकडे रात्री पाठवलेला पणतवंडांचा फोटो इकडे आमच्या सकाळच्या चहाला हजर असे. त्यासाठी फोन उघडावा लागत नसे की चष्मा शोधावा लागत नसे.

आता दुकानदार सांगत नाही अशा गैरसोयी. आमची फ्रेम दहा इंची आहे आणि तिचा पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा, म्हणजे चांगलाच आडवा आहे. फोनवर काढलेले फोटो बहुधा उभे असतात. फोटो पडदाभर पसरू दिला तर जुन्या गटफोटोंत मागच्या रांगेतल्या काकामंडळींची डोकी उडतात, आणि पूर्ण दाखवायला सांगितले तर उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. बहुतेक फ्रेमना बॅटरी नसते, त्यामुळे भिंतीवर लावली की वायर लोंबते. विजेची चिंता मात्र करू नका, कारण दहा वॅटच्या हिशेबाने रोज बारा तास चालवली तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास जळतात. मेमरी कार्डवर चालणारी जुनी, स्वस्तातली फ्रेम कुणी गळ्यात मारत असेल तर आयफोनवाल्यांनी सावध राहावे, कारण २०१७ पासून आयफोन आपले फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो आणि जुन्या फ्रेमना बहुधा फक्त जेपीईजी वाचता येते. इंटरनेटवरून स्वतःच अल्बम उचलणाऱ्या फ्रेमची सोय दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हेही लक्षात घ्यावे. मार्च २०२५ च्या अखेरीस गूगल फोटोजने बाहेरच्या अ‍ॅपना वापरकर्त्याचा सगळा संग्रह वाचू देणे थांबवले, तेव्हा अशा फ्रेमचे आपोआप भरणे अडले.

या सगळ्याशी जमवून घेता येते. मी फ्रेम बंद ठेवते ती यातल्या कशासाठीही नव्हे.

सासूबाईंचे विस्मरण पुराच्या आधीच सुरू झाले होते, पुरानंतर ते वेगाने वाढले. या दुखण्यात अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने पुष्कळ काळ टिकते, त्यामुळे नातवांना न ओळखणाऱ्या सासूबाई गुहागरच्या माहेरच्या पडवीतल्या फोटोतली माणसे एकेक करून नावानिशी सांगत. हातात धरलेला लहानसा फोटो त्यांना दिसत नसे, पण उजळलेल्या पडद्यावर आपली आई दिसली की त्या पदर सावरून बसत. त्या दुपारी मी त्या फ्रेमला किती दुवा दिला असेल! विस्मरण झालेले माणूस घरात असेल त्यांनी ती जरूर घ्यावी, असे मी म्हणत असे, आणि आजही तसे म्हणायला माझी जीभ अडखळत नाही, पण त्यापुढचे ऐकून घ्या.

आपल्याकडे भिंतीवरच्या फोटोंना एक शिस्त असते. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार असतो, आणि हयात माणसाचा फोटो त्या रांगेत कुणी लावत नाही. पहिल्यांदा घरात आलेल्या परक्यालाही कोण आहे आणि कोण नाही हे न विचारता समजते. फ्रेममध्ये मात्र सगळेच हयात. माझे धाकटे दीर एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ठाण्याला गेले. आम्हाला जाता आले नाही, पुतणीला तर येताच आले नाही. भिंतीवर त्यांच्या फोटोला चंदनाचा हार आहे, पण फ्रेममध्ये ते दर अर्ध्या तासाने हसत येत.

श्रावणातली रात्र होती आणि पावसाने संध्याकाळपासून लाइट गेलेले होते. आमची फ्रेम रात्री दहाला आपोआप मिटते, पण मध्येच वीज जाऊन आली की ती वेळेचे भान न ठेवता पुरत्या उजेडाने सुरू होते, हे आम्हाला त्या रात्री कळले. कडीच्या आवाजाने मी उठले तेव्हा सासूबाई अंधारात पुढच्या दाराशी उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी वरची कडी ओढत होत्या. पाठीमागे फ्रेममध्ये भाऊजी होते, सवतसड्याच्या धबधब्याखाली उभे, नखशिखांत भिजलेले, केस कपाळाला चिकटलेले, तोंड भरून हसणारे. "बाळ आलाय गं," सासूबाई म्हणाल्या, "भिजतोय बाहेर कधीचा. ही कडी का सरकत नाहीये?" मी त्यांचे हात धरले, तर त्यांनी मला जोराने ढकलले. तेवढ्यात हे उठून आले. यांनी आधी समजावून पाहिले, मग म्हणाले, "आई, तो नाही गं आता." सासूबाई थांबल्या. फ्रेमवर एव्हाना कुणाच्या तरी मुंजीचा फोटो आला होता. त्या म्हणाल्या, "मग मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांना ते पूर्वी सांगितले होते, आणि त्या पूर्वीही रडल्या होत्या, पण त्यांच्यापुरते ते त्या रात्रीच घडले. पहाटेपर्यंत त्या रडत होत्या. सकाळी मला चहा मागितला, आणि कडीने सोलवटलेले बोट पुढे करून विचारले, "हे गं कुठे लागलं मला?"

त्याच दिवशी मी भाऊजींचे सगळे फोटो फ्रेममधून काढले. कुणाला विचारले नाही. पुन्हा तशी सकाळ उजाडली तर पुन्हा तेच करीन.

डिसेंबरात पुतणी आली. जेवण झाल्यावर ती फ्रेमसमोर बसली, आणि दुपारचा चहा झाला तरी उठली नाही. दर रविवारी ती वडिलांचा एक फोटो पाठवत असे. शेवटी म्हणाली, "काकू, बाबा कुठे आहेत?" मी रात्रीची हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाली, "भिंतीवर ते हारात आहेत, ठाण्याच्या घरी हारात आहेत. एका ठिकाणी तरी बिनहाराचे असावेत, म्हणूनच मी फ्रेम पाठवली होती." मी म्हटले, "आजींना सोसत नाही गं." त्यावर ती म्हणाली, "आजीला वाटतंय ना बाबा आलेत, मग वाटू दे की. सोसत नाही ते तुमचं सांगणं."

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. डॉक्टरांनीही नंतर हेच सांगितले, की अशा रुग्णाला मृत्यूची बातमी पुन्हापुन्हा देऊ नये, बोलणे दुसरीकडे वळवावे. म्हणजे दोष फोटोंचा नव्हताच, असे एक मन म्हणते. दुसरे मन म्हणते, भर पावसात रात्री दीड-दोनला कडी ओढणाऱ्या बाईचे बोलणे वळवायचे ते कुठे? "उद्या येतो म्हणालाय" एवढे यांना म्हणता आले असते, पण भावाच्या मरणाबद्दल आईशी खोटे बोलणे आपल्याला जमणार नाही, असे यांचे म्हणणे, आणि भाऊ यांचा होता. फ्रेमचे गुणगान करणारी पूर्वीची मी मध्येच विचारते, की याच फ्रेमने सासूबाईंना त्यांची आई परत दिली नव्हती का? दिली होती. म्हणूनच तर तिला माळ्यावर टाकवत नाही.

पुतणी परत जाण्याआधी मी ते फोटो फ्रेममध्ये होते तिथे परत ठेवले. तेव्हापासून सासूबाई झोपल्या की, किंवा मी शेजारी बसलेली असले की, तेवढीच फ्रेम चालू करते. तुम्ही येता तेव्हा सासूबाई जाग्या असतात आणि मी चहा टाकायला आत असते, म्हणून ती बंद दिसते. दिरांचे फोटो मला नको झालेले नाहीत, हे ज्यांनी म्हटले त्यांच्यापर्यंत पोचवा.

तर घ्या. फोटो पूर्ण दिसतो की कापला जातो ते दुकानातच पाहा, आणि चालू असताना वायर काढून पुन्हा लावा, म्हणजे वीज परतल्यावर ती काय करते ते कळेल. फोटो कोण पाठवणार हे घरात लगेच ठरते. कोण काढणार, तेही ठरवून घ्या. आमच्याकडे ते अजून ठरलेले नाही, आणि पुतणी या डिसेंबरात पुन्हा येते आहे.