डायनॅमोनं दिवस घालवला
आज आमच्या जुन्या पिकअपपायी उद्यमनगरात अख्खा दिवस गेला बघा. चार्जिंगची लाईट विझंनाच, आणि जो भेटंल तो म्हणतोय बॅटरी बदल. म्हटलं थांबा की जरा, आधी मीटर लावा, तर गाडी चालू असताना पण बॅटरीवर १२.२ व्होल्टच, पायजेत १३.८ ते १४.४, म्हणजे बॅटरीचा काय दोष, तिला खायलाच मिळंना! वायरमन मामांनी बेल्ट बघितला, अर्थिंगची गंजलेली पट्टी घासली, तरी तेच. मग डायनॅमो, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, खोलला तर आतले कार्बन (करंट पोचवणारे ब्रश) पार झिजलेले, स्लिप रिंगला म्हणजे फिरत्या कड्यांना धड टेकतच नव्हते. नवे कार्बन टाकले, रिंगा पॉलिश पेपरनं पुसल्या, स्टार्टर मारला आणि मीटरवर १४.१. नाद खुळा!! बॅटरीचे पैसे वाचले, आता उद्या पहाटे गूळ भरून मार्केट यार्ड.